गजराचा पुतळा आणि अण्णांच्या हरकती

"बारा डबे टाल्कम पावडर द्या," असं मी आमच्या पेठेतल्या दुकानदाराला म्हणाले, तेव्हा त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नाटक बसवलंय काय वैनी?"

"नाही. म्हशीला लावायचीय."

त्यानं डबे काढले, पिशवीत भरले आणि शेवटी न राहवून विचारलं, "वासाची देऊ का बिनवासाची?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर काय, ते मला आजही माहीत नाही. मी गुलाबाची नेली. माझ्या कामात असले प्रश्न रोज पडतात आणि विचारायला कुणी नसतं, कारण हे काम करणारे लोकच थोडे आणि जे आहेत तेही माझ्याइतकेच गोंधळलेले.

आमचा धंदा ओतकामाचा. कोल्हापुरात ओतकाम म्हटलं की पंपाचे आणि मोटारीचे सुटे भाग डोळ्यांपुढे येतात. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मात्र पुतळे होतात, कांस्याचे आणि पितळेचे. भट्टी दगडूमामांची. ते माझ्या आईचे चुलतभाऊ, पण शेडमध्ये पाऊल टाकणारा प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणतो. सत्तरी उलटलेली, घराण्यात ओतारकाम. मी आधी एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. पंचवीस वर्षं पंपाची झाकणं काढली आणि एक दिवस माझं मलाच वाटलं की आता एखादं नाक-डोळे असलेलं काहीतरी काढावं. स्कॅनर आणला, प्रिंटर आणला, मामांच्या शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली करून बसले. मामा तिला दवाखाना म्हणतात, कारण मी चप्पल बाहेर काढून आत जाते.

पुतळा पूर्वी असा व्हायचा. मूर्तिकार मातीत मूर्ती करायचा. तिच्यावरून साचा, साच्यातून मेणाची मूर्ती. त्या मेणावर मातीचं पातळ कालवण आणि वाळू यांचे थरावर थर चढवायचे. मग सगळं भट्टीत. मेण वितळून वाहून जायचं, आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहायची आणि तिच्यात धातूचा रस ओतायचा. आता माती नाही आणि मूर्तिकारही नसला तरी चालतो. स्कॅनर माणसाभोवती फिरवायचा, तो लाखो ठिपक्यांनी त्याचं अंग टिपतो. ठिपके संगणकात नीट करायचे. प्रिंटर मेणासारख्या प्लॅस्टिकचा नमुना थर देत देत उभा करतो. थंड होताना धातू आकसतो, म्हणून नमुना चिमूटभर मोठा ठेवायचा. तिथून पुढे कालवण, वाळू, भट्टी, रस, सगळं मामांच्या आजोबांच्या वेळचं.

फरक एकच पडला. मामांच्या घराण्यात एक रीत होती. मेणाची मूर्ती तयार झाली की गिऱ्हाइकाला बोलवायचं. त्यानं ती हातात घ्यायची, फिरवायची, काय ते बोलायचं आणि पसंत पडली की तळाशी मेणात अंगठा दाबायचा. अंगठ्याशिवाय रस ओतायचा नाही. मी ही रीत मोडली. म्हटलं, गिऱ्हाईक आता पडद्यावर बघेल की. वरून, खालून, पोटातून, हवं तिथून. मामा म्हणाले, "पडद्याला अंगठा कुठं लावायचा गं शैले?" मी हसले.

गिऱ्हाइकं मात्र पडद्यानं बिघडली. एका पुढाऱ्यानं संगणकात पोट कमी करून घेतलं, मग मान बारीक, मग खांदे रुंद. पुतळा उघडला तेव्हा त्यांच्याच कार्यकर्त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, हे कोण. एक बाई नवऱ्याचे तीन वयांतले तीन फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तिन्ही एका तोंडात बसवा, मला तिन्ही आवडायचे. बसवले. त्या खूश होऊन गेल्या. काय बसवलं ते माझं मलाच कळलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते गजराबद्दल.

शिमगा झाल्यावर एके सकाळी विलास आला, वडलांना घेऊन. विलासचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वडील नारूअण्णा, पेठेतले जुने गवळी. पंच्याहत्तरीचे, गुडघ्यानं लंगडणारे, मिशा अजून पिळदार.

"ताई, तुम्ही जनावराचा पुतळा करता का?"

"करू की. कुठलं जनावर?"

"जनावर कुनाला म्हनतोस रं?" अण्णा मागून गरजले. "नाव सांग की तिचं."

तिचं नाव गजरा. विलासनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गोठा पेठेच्या मधोमध. शेजाऱ्यांच्या तक्रारी. अण्णांचा गुडघा. बाकीच्या म्हशी एकेक करून गेल्या, उरली ही एकटी. विसावं वर्ष ओलांडलेली, दूध कधीचं आटलेलं. गडहिंग्लजजवळ आत्याच्या शेतावर तिला पाठवायचं ठरलं होतं. पण अण्णा तिच्यावाचून खचतील, म्हणून निदान डोळ्यांसमोर पुतळा तरी असावा, ही विलासची कल्पना. पोरगा वाईट नव्हता हो. बापाला काय दुखेल त्याचा विचार करून आला होता.

अण्णांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "पुतळा माझ्या मनाला आला पायजे. तवर म्हस हालायची न्हाय."

"कबूल अण्णा. ताईंच्या समोर कबूल."

मी दोघांच्या मधे उभी राहून हसत हसत मान डोलावली. एका म्हशीचं राहणं की जाणं माझ्या ओतकामाला बांधलं गेलं होतं, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी मनात लांबीचा हिशेब करत होते. दोन फूट बरी दिसेल.

आता पावडरीकडे येते. स्कॅनरचा प्रकाश काळ्या चकचकीत अंगावर पडला की नीट परतत नाही, यंत्राला तिथं भोक पडल्यासारखं दिसतं. आणि गजरा काळी तर होतीच, वर अण्णा तिला रोज तेल चोळायचे. तेव्हा अंग पुसून पावडर. मी आणि मामांनी तासभर पावडर थापली. अण्णा तिचं दावं धरून उभे होते, चेहरा असा की घरातल्या कुणाची विटंबना चाललीय.

"माझ्या म्हशीची गाय केलीस की गं बाई."

"अण्णा, धुतली की जाईल."

"आनि तिला कळलं म्हंजे?"

गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं नवरी, कुणी म्हणालं वाढदिवस. एका आजीनं लांबून हात जोडले. मी स्कॅनर घेऊन गजराभोवती प्रदक्षिणा घालू लागले आणि गजरा माझ्याकडे बघत माझ्याबरोबर फिरू लागली. मी थांबले की थांबायची, चालले की वळायची. दोन तासांनी पडद्यावर जे आलं त्याला तीन शेपट्या होत्या आणि तोंड दोन्हीकडे होतं. मग चारा पुढ्यात टाकला, अण्णांनी कानाशी बोलत तिला उभं धरलं आणि उजवी बाजू झकास मिळाली. डावी बाजू भिंतीकडे होती. तिथून मला जेमतेम घुसता आलं, जे टिपलं ते फाटकंतुटकं.

आता माझी चूक ऐका. आमच्या कामात एक सोय असते. अर्धं अंग चांगलं आलं असेल तर ते आरशासारखं उलटं करून दुसऱ्या बाजूला लावायचं. माणसाचं करतो, घोड्याचं करतो. मी गजराचं केलं. डाव्या बाजूच्या फाटक्या ठिपक्यांत शिंग खाली लोंबल्यासारखं दिसत होतं, मानेवर एक उंचवटा होता. मला वाटलं, मान हलवली असेल तेव्हा बिघडलं. पुसून टाकलं. उजवं शिंग तलवारीसारखं थेट खांद्यापर्यंत गेलेलं होतं, तेच डावीकडे लावलं. पडद्यावर अशी देखणी म्हैस उभी राहिली की मीच थोडा वेळ बघत बसले.

अण्णांना दवाखान्यात बोलावलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मी म्हैस गरागरा फिरवली.

"आहे का बरोबर?"

"टीव्हीतली म्हस चांगलीच दिसती," अण्णा म्हणाले. मी त्याला होकार समजले. आज वाटतं, ते फक्त सौजन्यानं बोलले होते.

प्रिंट झालं. कालवण, वाळू, परत कालवण, परत वाळू. मामांनी भट्टी लावली आणि नारिंगी रस ओतला. कवच फोडलं. रस आत जायला ठेवलेल्या नळ्या कापल्या, जोड घासले, गंधकाचं पाणी लावून बर्नरनं अंग तापवलं. कांस्य तपकिरी होत होत म्हशीसारखं काळं झालं. इतकं स्वच्छ काम आमच्या शेडमध्ये त्याआधी झालं नव्हतं. विलास बघतच राहिला.

अण्णा मात्र बघत नव्हते. त्यांनी हात फिरवला. कपाळ, नाकपुडी, मान. हात शिंगावर गेला, तसाच दुसऱ्या शिंगावर गेला आणि थांबला.

"ही कुनाची म्हस?"

"अण्णा, गजराच की," विलास म्हणाला.

"गजराचं डावं शिंग खाली हाय. गव्हाणीच्या दांडीखाली घालून बसायची, एवढीशी रेडी व्हती तवापासनं. मानंवर गाठ हाय. ह्या पावण्या हायत कोन?"

मला ते लोंबतं शिंग आठवत होतं. ठिपक्यांतलं नव्हे, खरंखुरं. दिवसभर मी त्याच्यासमोर उभी होते, एकदा ते माझ्या कोपराला लागलंही होतं. डोळ्यांनी पाहिलेलं शिंग मी संगणकाची चूक समजून पुसून टाकलं होतं. हे कसं होतं ते मला कुणी समजावून सांगावं. मी खूप विचार केला, पण हाताला काही लागलं नाही.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, पण अंगठ्याचं नाव काढलं नाही. त्यांचा हा मोठेपणा मला फार लागला.

पुसलेले ठिपके जुन्या फाइलमध्ये सापडले. ग्राइंडरनं शिंग कापलं, नवं ओतलं, जोडलं. मानेवर गाठ आणली. महिना गेला. मी अण्णांना बोलावलं. त्यांनी शिंग चाचपलं, गाठ चाचपली, डोळे मिटून मान हलवली. मी श्वास सोडणार एवढ्यात म्हणाले, "पाठ."

"पाठीचं काय?"

"जरा खोल पायजे. भरल्यावानी वाटती."

मी गोठ्यात जाऊन परत टिपून आणलं, आता डावीकडूनसुद्धा. भिंतीकडची गव्हाणच विलासला हलवायला लावली. पुतळा टिपला, दोन्ही पडद्यावर एका मापाचे करून एकमेकांत बसवले. जिथं जुळतं तिथं संगणक हिरवा रंग देतो, चुकतं तिथं लाल. सगळी म्हैस हिरवीगार झाली. मी विजयी मुद्रेनं अण्णांना दाखवलं.

"हे बघा, एक ठिपका लाल नाही."

"माझी म्हस हिरवी कशापाय केलीस?"

"हिरवी म्हणजे बरोबर, अण्णा."

"हिरवी म्हंजे शेवाळ. पाठ खोल कर."

मी पाठ खोल केली. म्हणजे बरोबर असलेली पाठ चूक केली. पुढच्या खेपेला अण्णा म्हणाले, आता जास्ती झाली. परत भरली. त्याच्या पुढच्या खेपेला शेपटी. गोंडा जाड पाहिजे. गोंडा जाड केला तर म्हणाले, गोंडा बरा हाय, शेपटी लांब झालीया. पावसाळा असा गेला. मी रात्रंदिवस त्या शेपटीचा विचार करायची. यंत्र म्हणतं बरोबर, टेप म्हणते बरोबर, मालक म्हणतो नाही. मला माझ्या डोळ्यांवर शंका येऊ लागली. पुतळा गजरासारखा दिसतो का, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागले. ज्यांनी गजराला पाहिलं नव्हतं त्यांनाही विचारलं.

नवरात्राच्या सुमारास मी कॅलिपर घेऊन गोठ्यात गेले. म्हटलं, शेपटीचं हाड न् हाड मोजून आणते. अण्णा पाठमोरे बसले होते, गजराला गूळ चारत. मी कडब्याच्या गंजीआड होते, हाक मारणार तेवढ्यात त्यांचा आवाज आला. म्हशीशी बोलत होते.

"शेपटीनं दोन म्हैनं काढलं बघ गजरे. पाठीनं एक. आता कान काढतो. कानानं दिवाळी येती. पाडव्याला मिरवायचं हाय तुला, मग बगू. पोरगी लई गुनी हाय. सांगल ते करती, वादच न्हाय. जरा भोळी हाय."

जरा भोळी असलेली पोरगी, वय वर्षं एक्कावन्न, हातात कॅलिपर घेऊन कडब्यामागे उभी. आधी संताप आला. मग हसू आलं. मग शेपटी कितीदा कापली ते आठवून परत संताप आला. तेवढ्यात गजरानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या मागोमाग अण्णांनी.

"आयकलंस?"

"ऐकलं."

अण्णा हातातला गूळ कुस्करत राहिले. एवढा मोठा माणूस, पण चेहरा एकदम उतरला. म्हणाले, "इलासला सांगनार आसशील."

मला सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पैसे विलासचे, शब्द विलासनं दिलेला, आणि आमच्या शेडचं नाव. पण समोर ती उभी होती, एक शिंग वर आणि एक खाली, गुळासाठी अण्णांच्या खिशात नाक खुपसत. माझ्या तोंडून जे निघालं ते असं:

"कान कुठला काढताय? डावा की उजवा?"

अण्णांनी डोळे बारीक केले. "तुला कंचा सोपा?"

"डावा. तिथलं शिंग आधीच कापून जोडलंय."

तिथून पुढचे दिवस मी नाटक केलं आणि खोटं कशाला सांगू, मजा केली. विलास आला की मी कपाळाला हात लावायची. म्हणायची, "काय सांगू भाऊ, धातू आकसताना कान वर ओढला गेलाय. तापलेल्या कानाचं असंच असतं." विलास गंभीरपणे मान डोलवायचा. मी पडद्यावर मुद्दाम लाल ठिपके पेरून ठेवायची. अण्णा महिन्यातून एकदा तपासणीला यायचे, पुतळ्यावरून इतका मायेनं हात फिरवायचे की तो पसंत आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं, आणि खाकरून म्हणायचे, "न्हाय. कान न्हाय जमला."

मामांना मी हे सांगितलं नव्हतं. एक दिवस तेच म्हणाले, "मला तर पाठीलाच कळलं. खोल केलेली पाठ कुनी परत भरून घेतंय व्हय?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू मन लावून चुका करत व्हतीस. म्हटलं, मधी कशाला बोला."

याची किंमत पडली नाही असं नाही. विलासच्या दुकानातून गोष्ट पसरली की शैलाबाईच्या संगणकाला साधी म्हैस जमत नाही. जोतिबाच्या डोंगरावरचे एक दुकानदार पितळी घोडा करून घेणार होते. त्यांचा निरोप आला, सध्या राहू द्या. मला तो घोडा फार करायचा होता. आणि मी बरोबर केलेलं काम चूक आहे असं चारचौघांत सांगत राहिले, याचं काय करायचं ते अजून कळत नाही. पुतळ्यापुढे उभी राहिले की मी त्याची माफी मागायची. मग वाटायचं, पुतळ्याची कसली माफी, गजरा तर तिकडे सुखात रवंथ करतेय.

पाडवा आला. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर काढतात. मालक मोटारसायकलवर पुढे, गाडीचा आवाज ओळखून म्हैस मागे धावते, आणि दोन्ही बाजूंना माणसं. अण्णांनी गजराची शिंगं रंगवली, कपाळाला मोरपिसं बांधली, पायांत हुपरीहून आणलेले चाळ घातले. गाडी विलासनं घेतली, कारण अण्णांचा गुडघा वळत नव्हता. अण्णा कडेला खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी.

बाकीच्या म्हशी वाऱ्यासारख्या गेल्या. गजरा धावली नाही. ती चालत आली. अर्ध्या रस्त्यात थांबली. मागून माणसं ओरडायला लागली. विलासनं गाडी बंद केली, खाली उतरला, तिच्या गळ्याशी जाऊन उभा राहिला आणि तिला वाटेल तेव्हा चालू दे म्हणून वाट बघत राहिला. तिला वाटायला बराच वेळ लागला. अण्णा पुटपुटले, "माझं पोरगं हाय ते." ते विलासबद्दल म्हणाले की गजराबद्दल, हे मी विचारलं नाही.

माघात गजरा गेली. दुपारी, आपल्याच गोठ्यात, बसल्या जागी. विलासचा फोन आला.

पंधरा दिवसांनी बापलेक शेडवर आले. अण्णा सरळ पुतळ्याकडे गेले. विलास माझ्याजवळ थांबला.

"ताई, ते कानाचं लई भारी होतं."

"कुठलं कानाचं?"

"तापलेल्या कानाचं असंच असतं, ते."

"तुला माहीत होतं?"

"शेपटीलाच कळलं. आत्याला मीच सांगितलेलं, एवढ्यात पाठवत नाही म्हणून."

"अरे मग मला तरी सांगायचंस!"

"तेव्हा वाटलं, अण्णा तुम्हालाही फसवतायत. उगाच तुमचं मन कशाला मोडा. कानाला कळलं, तुम्हीही सामील."

म्हणजे अण्णा विलासला फसवत होते, मी अण्णांना सामील होऊन विलासला फसवत होते, विलास फसल्याचं सोंग करून आम्हा दोघांना फसवत होता, मामा सगळं बघत होते, आणि गजरा गूळ खात होती. मी खाली बसले. एवढ्या मोठ्या नाटकात खरं काम कोण करत होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आज लिहितानाही कळत नाही.

आता पुतळा घरी जायला काही अडचण नव्हती. मामांनी तो ओल्या फडक्यानं पुसला. डावा कान मी कधीच बरोबर करून ठेवला होता. विलासनं बाहेर टेंपो उभा केला होता.

अण्णा हात फिरवत होते. शिंग, गाठ, पाठ, शेपटी. सगळं झालं. मग गुडघा धरत धरत ते खाली बसले आणि पुतळ्याच्या पायांवरून हात फिरवू लागले. चारही पाय. मागच्या डाव्या पायापाशी थांबले.

"न्हाय," ते म्हणाले. "ही न्हाय."

विलास पुढे झाला. "अण्णा, आता कुठं पाठवायचीय तिला? आता तरी..."

"गप रं. खरं सांगतोय आता." त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "गजरा अशी चारी पायांवर कधी हुबी ऱ्हायली न्हाई. मागला डावा पाय सैल सोडायची, नुसतं खुराचं टोक टेकून. लहानपनापासनं. दूध काढताना मी त्याच पायाला खांदा लावून बसायचो."

दोन्ही स्कॅनच्या वेळी तिला चारही पायांवर नीट उभी करा म्हणून मीच सांगितलं होतं. हलली की चित्र बिघडतं. पुढे कितीदा गोठ्यात गेले, पण शिंग मोजायला, पाठ टिपायला, कान बघायला. पायाकडे एकदाही बघितलं नाही.

"अण्णा, वर्ष होत आलं," मी म्हटलं. "पाठ सांगितलीत, शेपटी सांगितलीत, कान सांगितलात. जे खरंच चुकलं होतं ते का नाही सांगितलं?"

"सांगितलं आस्तं तर तू केलं आस्तंस की."

मामांनी खिशातून खडू काढून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी त्या पायावर, मांडीच्या खाली, एक रेघ ओढली. थोडी पुसली, परत ओढली. विलास बाहेर जाऊन टेंपोवाल्याला जा म्हणाला.

मी ग्राइंडर चालू केला.